बोकडाला बीपी नसतं

जालन्यातल्या भोकरदन रस्त्यावरच्या त्या फार्मसी कॉलेजात संशोधन चालतं, ही गोष्ट कॉलेजातल्या लोकांनाही पेपरातूनच कळली. तोवर वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीतून अधूनमधून कच्च्या मटणाचा वास येतो आणि तिथं प्रांजली नावाची एक पोरगी पांढरा कोट घालून उभी असते, एवढीच माहिती शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना होती. वासाबद्दल तक्रारी झाल्या होत्या. संशोधनाबद्दल मात्र कुणाची तक्रार नव्हती, कारण त्याचा कुणाला काही त्रास नव्हता.

प्रांजलीचा विषय एका दमात सांगता येत नसे. बोकडाच्या हृदयातून निघणारी जी जाड पांढरी नळी, तिच्या पेशींच्या पडद्यावर एका हार्मोनचे रिसेप्टर आहेत का, असले तर किती, हे तिला शोधायचं होतं. रिसेप्टर म्हणजे दार धरा. अंगातलं पाणी कमी पडलं की रक्तात हे हार्मोन वाढतं, रक्तवाहिनीच्या दारावर थाप मारतं, आणि वाहिनी आवळली जाते. ती आवळली की बीपी चढतं. हार्मोनचं नाव अँजिओटेन्सिन. हे नाव उच्चारायचा प्रयत्न तिच्या बापानं एकदा केला होता, पुन्हा केला नाही.

काम मोठं किचकट. नळी बर्फात आणायची, चरबी सोलून काढायची, बारीक कापून वाटायची, गाळायची आणि थंड यंत्रात गरगर फिरवायची, की तळाशी पडद्यांचा पांढुरका साका बसतो. त्यात चमकणारा रंग चिकटवलेलं हार्मोन सोडायचं, धुवायचं, आणि काय चिकटून राहिलं ते मोजायचं. जेवढी चमक तेवढी दारं. सुरुवातीला हात बसावा म्हणून तिनं नवीन जालन्यातल्या एका मटणाच्या दुकानातून नळ्या आणल्या होत्या. त्यांत दारं व्यवस्थित सापडली, पुस्तकात लिहिली आहेत तशीच.

तिचे गाईड डॉ. भुजंग सर यांना मात्र त्याचं वाईट वाटलं. उंदरात आहेत, सशात आहेत, माणसात आहेत आणि बोकडातही आहेत, तर मग आपण काय दिवे लावले, असा त्यांचा सवाल होता. सरांचा पिंड संशोधकापेक्षा सूत्रसंचालकाचा. जिल्ह्यातला कुठलाही कार्यक्रम त्यांच्या आवाजाशिवाय सुरू होत नसे आणि त्यांच्या आवाजामुळे लवकर संपत नसे. त्यांनी बजावलं की दुकानातला बोकड कुठून येतो, काय खातो, कुणाला ठाऊक; आपल्याला अस्सल मराठवाड्याच्या मातीतला, माळावर चरलेला गावरान बोकड पाहिजे. दुकानातल्या नळ्यांचे आकडे त्यांनी 'सराव' म्हणून बाजूला ठेवायला लावले.

गावरान बोकडांची प्रांजलीच्या घरी ददात नव्हती. तिचे आजे-पणजे मेंढरं घेऊन रानोमाळ फिरले. बाप गोरक्षनाथ भोकरदनजवळच्या वस्तीवर शेळ्या पाळून स्थिरावला. त्याचे बोकड बहुतेक नवसाला जायचे. टेकडीवरच्या पिराला आसपासच्या सगळ्या जातींची माणसं कंदुरी करतात, म्हणजे नवसाचा बोकड कापून जेवण घालतात. पोरगं झालं, नोकरी लागली, ट्रॅक्टर आला, निमित्त कुठलंही चालतं. बोकड गोरक्षनाथचा, म्हणून नळीबाबत त्याचा शब्द चालायचा. गुरुवारी मुलाण्यानं बोकड कापला की तो नळी बर्फाच्या डब्यात घालून मोटारसायकलवर थेट कॉलेज गाठायचा. पोरीच्या अभ्यासाला आपलाही हात लागतो याचा त्याला अभिमान होता, आणि वाटेत चहाला थांबला तरी तो डबा मांडीवरून खाली ठेवत नसे.

आणि नेमकी त्या नळ्यांत दारं सापडेनात. प्रांजलीनं बर्फ बदलून पाहिला, रंग बदलून पाहिला, यंत्राला शिव्या घालून पाहिल्या. चमक जवळजवळ नाहीच. पीएचडीची मुदत संपत आली होती आणि हातात होता तो हा भोपळा. ती तोंड पाडून सरांकडे गेली, तर सरांचं तोंड खुललं.

रिसेप्टर नाहीत, असं त्यांनी दोनदा विचारून घेतलं. फार कमी दिसताहेत, असं ती म्हणाली. सरांनी 'फार कमी'चं 'नाहीत' केलं, 'या बोकडांत'चं 'मराठवाड्याच्या बोकडांत' केलं, आणि जे येईल ते छापणाऱ्या एका विलायती नावाच्या मासिकात लेख धाडून दिला. पुन्हा एकदा तपासू, असं ती म्हणत होती. सर म्हणाले, तपासायला जग बसलंय. उचलली जीभ लावली टाळ्याला, यात सरांचा हात धरणारा कुणी नव्हता.

मग पेपरात बातमी आली. 'मराठवाड्याच्या बोकडाला बीपी नसतं! भोकरदनच्या कन्येचं संशोधन, जग थक्क.' शेजारी प्रांजलीचा फोटो आणि त्याहून मोठा सरांचा. खाली सरांचं वाक्य होतं, की या बोकडापासून पुढंमागं रक्तदाबावर उपाय निघू शकतो का, हा संशोधनाचा विषय आहे. लोकांनी त्या वाक्याचं शेपूट तोडलं, 'का' काढून टाकला आणि उरलेलं वाक्य घरी नेलं.

आठवडाभरात भोकरदनच्या बाजारात मटणाच्या दुकानावर 'बीपी फ्री' अशी पाटी लागली. जी नळी आजवर कुत्र्यापुढं पडायची, तिच्यासाठी आता सकाळी सांगून ठेवावं लागू लागलं. वाटूरच्या आत्यानं फोन करून विचारलं की नळी उकडून खायची का वाटून. संस्थेचे अध्यक्ष रामकिसनभाऊ यांना आपल्या संस्थेत असं काही चालतं याचा एवढा आनंद झाला, की त्यांनी ताबडतोब भव्य नागरी सत्कार जाहीर केला. सत्कार प्रांजलीचा, तिच्या मातापित्यांचा, सरांचा, आणि ओघानं भाऊंचाही.

या सगळ्या गोंधळात प्रांजलीच्या आईचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. वच्छलाबाईला बरीच वर्षं बीपी होतं. तिच्या सासूलाही होतं. ही सासू शेळीची धार काढता काढता एका अंगानं लुळी पडली, तोंड वाकडं झालं, आणि पुढं दोन पावसाळे खाटेवरून लेकीसुनांकडे नुसती बघत राहिली आणि मग गेली. प्रांजली तेव्हा शाळेत होती. आजीचं ते बघणं तिच्या डोळ्यापुढून कधी गेलं नाही. तिनं हा विषय घेतला तो त्यापायी. आई रोज सकाळी सरकारी दवाखान्यातली जी पांढरी गोळी घ्यायची, ती गोळी करते काय, तर रक्तवाहिनीच्या याच दारात फतकल मारून बसते, म्हणजे हार्मोनला आत जाता येत नाही. हे तिनं घरी कधी सांगितलं नव्हतं. घरी एकच प्रश्न विचारला जायचा, की हे कधी संपणार.

सत्काराच्या पत्रिकेवर बोकडासोबत फोटो पाहिजे, असं सरांचं फर्मान निघालं, म्हणून एका गुरुवारी प्रांजली स्वतः टेकडीवर गेली. कंदुरीला ती लहानपणानंतर आज पहिल्यांदा आली होती. नवस कुणा ट्रॅक्टरवाल्याचा होता. बोकड लिंबाखाली बांधलेला, गळ्यात झेंडूची माळ, कपाळावर हळदी-कुंकू, आणि कानाशी हलगी कडकडत होती. ऊन डोक्यावर आलेलं. बोकडाची जीभ कडेला लोंबत होती. बोकडानं अंग झाडल्याशिवाय सुरी चालत नाही. अंग झाडलं म्हणजे पिराला नवस पोचला, अशी पद्धत. एकानं तांब्यातलं पाणी बोकडाच्या कानात शिंपडलं. बोकड शेंडीपासून शेपटीपर्यंत थरथरला, माणसं 'झाडलं, झाडलं' म्हणाली, आणि मुलाणी पुढं झाला.

"आबा, एवढ्या जल्दी कसं झाडलं यानं?" तिनं बापाला विचारलं.

"कालपासून पाणी तोडलंय त्याचं," गोरक्षनाथ म्हणाला. "पाणी पेलेला बोकड दुपार करतो. कोरडा ठिवला का थेंब पडल्याबराबर हालतो."

"दर वेळेस असंच करता?"

"मंग? नवसाच्या बोकडाला कोन पाणी दावतं?"

प्रांजली तिथंच दगडावर बसली. आदल्या दिवसापासूनचा तहानलेला, उन्हात बांधलेला, हलगीनं बिथरलेला जीव. त्याच्या रक्तात ते हार्मोन मावत नसणार. एकसारखी थाप पडायला लागली की पेशी दारं आत ओढून घेते. पाहुण्यांची रीघ हटेना तेव्हा आपण ओट्यावरची खुर्ची आत नेतो तशी. बोकडाला दारं होती. तिनं तपासायच्या आधीच ती आत गेली होती. बापाला तिनं बर्फ किती घालायचा, डबा कसा धरायचा, सगळं शिकवलं होतं. बोकडाला पाणी पाजता का, एवढंच विचारलं नव्हतं. तिला स्वतःचा असा राग आला की फोटोवाल्यानं हसायला सांगितलं तेव्हा ती त्याच्यावरच खेकसली.

खात्री करायला वेळ लागला नाही. बापाचाच एक बोकड, हौदावर पोटभर पाणी पिऊन दुकानात गेलेला, त्याची नळी तिनं आणली. दारं भरपूर. दुसऱ्या बोकडाची आणली, त्यातही भरपूर. ती धावत सरांकडे गेली.

सर सत्काराची क्रमवारी लिहीत बसले होते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथं बाशिंग बांधून वरात दारात येऊन उभी होती, आणि नवरी म्हणत होती की लग्नच चुकीचं ठरलंय. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, हे तर उलट बरं झालं. आधी नसल्याचा लेख झाला, आता असल्याचा लेख होईल. एका बोकडात दोन लेख. फक्त रविवारच्या सत्कारापर्यंत ती दारं सापडायला नकोत. जाता जाता त्यांनी हेही आठवण करून दिलं की प्रबंधावर गाईडची सही लागते. प्रांजली गप्प बसली. भ्यायली होती, दुसरं काही नाही.

शनिवारी ती घरी आली. रविवारी सकाळी आईच्या नव्या लुगड्याची घडी काढताना फळीवरच्या देवाच्या फोटोमागं तिच्या हाताला गोळ्यांची पाकिटं लागली. एकही फोडलेलं नव्हतं.

"माय, गोळ्या तशाच हायेत ह्या."

"आता कशाला लागत्यात?" वच्छलाबाई आरशात बघून कुंकू लावत म्हणाली. "दर सुक्करवारी नळीचा रस्सा पेऊन राह्यले ना मी. तुपल्याच शोधाचा."

प्रांजलीनं आईला उजेडाकडे वळवलं. आईचे डोळे लाल होते, कपाळाची शीर तटतटलेली होती, आणि डोकं दुखतंय का विचारल्यावर ती म्हणाली की जरासं, आठ दिवसांपासून. प्रांजलीनं तिला खाली बसवलं. सगळं चुकलंय, मपलंच चुकलंय, त्या बोकडाला पण बीपी असतं, असं तिनं परोपरीनं सांगितलं. वच्छलाबाई कौतुकानं हसली. पोरगी शिकली तरी मिजास न्हाई, हे तिला फार आवडलं.

"चुकलंय म्हून पेपरात आल्तं का?" ती म्हणाली.

"बरं, येक गोळी घे. मपल्यासाठी घे."

"गोळीसंगं पाणी प्यावं लागतं. अन् तितं बायामाणसाची सोय ऱ्हाती का कुठं? रातीपासून पाणी तोडलंय मी. आल्यावर घेईन."

गावाला, बाजाराला, लग्नाला जायचं म्हटलं की वस्तीवरच्या सगळ्या बाया हेच करतात. आदल्या रात्रीपासून पाण्याला शिवत नाहीत. प्रांजलीनं बापाकडे पाहिलं. सत्काराच्या दिवशी माय-लेकींनी भांडू नये, असं गोरक्षनाथचं मत पडलं, आणि बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. तिनं एक पाकीट पर्समध्ये टाकलं.

कॉलेजच्या मैदानावर मांडव घातला होता, पण तो पाहुण्यांपुरता. पाहुणे अर्थात उशिरा आले, कारण वेळेवर येतो त्याला कुणी पाहुणा म्हणत नाही. मग दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग सरांचं प्रास्ताविक. सर म्हणाले की परदेशातल्या बोकडांना जे जमलं नाही ते आपल्या बोकडांनी करून दाखवलं. रामकिसनभाऊ म्हणाले की लहानपणी ते स्वतः या बोकडांच्या सहवासात वाढले. वच्छलाबाई पुढच्या रांगेत उन्हाच्या तिरीपेत बसली होती. प्रांजली तिच्याकडे पाण्याची बाटली सरकवत होती आणि ती मान हलवून परत सरकवत होती.

सत्कारमूर्तींच्या मातोश्रींना मंचावर बोलावलं गेलं. हलगी सुरू झाली. अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी वच्छलाबाईला हळदी-कुंकू लावलं, कुणी झेंडूचा भलामोठा हार गळ्यात घातला, वर शाल पांघरली. फोटोवाल्याला मनासारखा फोटो मिळेना, म्हणून तिला तशीच उभी ठेवली. तिचे ओठ कोरडे पडले होते. मग एक उत्साही कार्यकर्ता गुलाबदाणी घेऊन आला आणि त्यानं तिच्या तोंडावर गार पाणी शिंपडलं. वच्छलाबाई डोक्यापासून पायापर्यंत थरथरली. लोकांना वाटलं बाईला भरून आलं, आणि सगळ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या.

प्रांजलीनं हे त्या गुरुवारी टेकडीवर पाहिलं होतं. हार तोच, हळद तीच, हलगी तीच, तहानही तीच. सही, प्रबंध, सर, सगळं तिच्या मनातून एका क्षणात उडून गेलं. ती उठली आणि क्रमवारीत नाव नसताना माइकपाशी गेली.

"मी जे सांगितलं ते चूक आहे," ती म्हणाली. "ते बोकड तहानलेले होते, म्हणून त्यांच्यात रिसेप्टर दिसले नाहीत. पाणी प्यायलेल्या बोकडात ते असतात, तुमच्या-आमच्यात असतात तसेच. बोकड खाऊन बीपी उतरत नाही. कुणी गोळ्या बंद केल्या असतील तर आजच सुरू करा."

सर दुसऱ्या माइकवर होतेच. ते म्हणाले, बघा, याला म्हणतात विनय. फळांनी लगडलेलं झाडच वाकतं. टाळ्या मघापेक्षा जोरात झाल्या. पालथ्या घड्यावर पाणी ओतावं तसं झालं. प्रांजली मागं वळली. वच्छलाबाई एका हातानं कपाळ दाबून हसायचा प्रयत्न करत होती, आणि तुला बरं वाटतंय का, या प्रश्नाचं उत्तर द्यायला तिला फार वेळ लागला.

खऱ्याला इथं गिऱ्हाईक नाही, हे प्रांजलीला कळून चुकलं. मग तिनं तिथं जे खपतं ते काढलं. ती पुन्हा माइककडे वळली आणि सरांच्याच आवाजात, हात वर करून, म्हणाली, "मित्रहो, संशोधनाचं निम्मंच सांगितलं. उरलेलं निम्मं आता मंचावर दाखवते."

तिनं पर्समधून पाकीट काढून गोळी फोडली, प्रमुख पाहुण्यांसमोरची सीलबंद बाटली उचलली, आणि जाहीर केलं की बोकड नसला तरी चालेल, पण ही गोळी रोज सकाळी, भरपूर पाण्यासोबत, न चुकता घ्यायची. आणि या संशोधनाचा पहिला मान तिच्या आईचा. वच्छलाबाईनं गोळीकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, फोटोवाल्याकडे पाहिलं. एवढ्या माणसांत नाही म्हणायची तिची प्राज्ञा नव्हती. तिनं गोळी तोंडात टाकली आणि बाटली लावली ती संपवूनच खाली ठेवली. हलगी कडाडली. सरांनी लगेच जाहीर केलं की संशोधनाचा हा दुसरा टप्पा त्यांच्याच मार्गदर्शनाखाली चालू आहे.

पुढचे सत्कार व्हायचे होते तेव्हा प्रांजली आईला घेऊन ऑटोत बसली होती. नवीन जालन्यातल्या दवाखान्यात डॉक्टरनं यंत्र एकदा लावलं, विश्वास बसला नाही म्हणून दुसऱ्यांदा लावलं, आणि बाईला तिथंच झोपवून सलाइनच्या नळीतून औषध सुरू केलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर मेंदूत शीर फुटली असती, असं त्यानं सरळ तोंडावर सांगितलं. मग गळ्यातल्या हाराकडे बघत विचारलं, की यांना गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं. "मी," प्रांजली म्हणाली. डॉक्टरनं तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि तिला ओळखलं.

दुपार कलली तसं बीपी हळूहळू उतरलं. दवाखान्यात बायकांची सोय होती, एवढं एक बरं होतं. सरांचा फोन आला. सही ते करायला तयार होते, फक्त प्रबंधात दुसरा टप्पा तेवढा घालायचा आणि तहानेचं गाळायचं. प्रांजलीनं सांगितलं की ती सगळेच आकडे देणार, सरावाचेसुद्धा, आणि बोकडांना पाणी नव्हतं हे पहिल्या पानावर लिहिणार. सहीचं सरांनी बघावं. सर बोलायचे थांबले. त्यांच्या ओळखीत हे पहिल्यांदाच घडलं होतं.

फोन ठेवला तेव्हा वच्छलाबाई डोळे उघडून तिच्याकडे बघत होती. पायथ्याशी गोरक्षनाथ सत्काराचा नारळ मांडीवर घेऊन बसला होता.

"म्हंजी बोकडाला बीपी असतं," वच्छलाबाई म्हणाली.

"असतं, माय."

"अन् त्या रश्शानं काईच होत न्हाई."

"काईच न्हाई."

वच्छलाबाईनं उशी मानेखाली ओढून घेतली.

"मंग इतकी वर्सं त्या वासात उभी राहून तू शोधलं काय?"

हे प्रांजलीला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सरांनी नाही, रामकिसनभाऊंनी नाही, पेपरवाल्यानं तर नाहीच. तिनं आईचं मनगट हातात घेतलं.

"तुपली गोळी अंगात कुठं जाऊन बसती, ते."

"हितं?" वच्छलाबाईनं मनगटावरच्या शिरेवर बोट ठेवलं.

"हितं. अन् सगळ्या अंगात. तितं ती दार अडवून बसती. ती उठली का मंग आजीवानी होतं."

सासूचं नाव निघाल्यावर वच्छलाबाईनं शिरेवरचं बोट काढून घेतलं. मग तिनं पाणी मागितलं. प्रांजलीनं ग्लास भरून दिला, तो तिनं रिकामा केला, आणि आणखी मागितलं. दुसरा ग्लास संपल्यावर ती नवऱ्याकडे वळली.

"येत्या गुरुवारी बोकडाला पाणी पाजून ने," ती म्हणाली.

गोरक्षनाथनं नारळ मांडीवर फिरवला. "अन् मंग त्यानं अंग न्हाई झाडलं तर?"

"न्हाई झाडलं तर सोडून दे त्याला," वच्छलाबाई म्हणाली, आणि कुशीवर वळली.